आमची वाटचाल: पॅनेल वायरिंगपासून लिस्टिंगपर्यंत

भोसरीच्या एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती पॅनेल वायरिंगनं. पुढे ‘पीएलसी (मशीन चालवणारा तयार कंट्रोलर) परवडत नाही, एखादं छोटं कार्ड करून द्या’ अशी मागणी मशीनवाल्यांकडूनच यायला लागली आणि आमची एव्हीआर या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवरची कार्डं कटिंग मशीनवर चढली. आता मात्र स्वतःची कार्डं कमी आणि दुसऱ्यांच्या फर्मवेअरची (चिपमधल्या प्रोग्रामची) दुखणी जास्त, असा धंदा आहे.

हे वळण एका कामानं दिलं. एका गिऱ्हाइकाचं मशीन पूर्ण वेगात शीट केसभर लांब कापायचं. वेग उतरवला की माप चोख. माप मोजायला पल्स देणारा एन्कोडर बदलून झाला, शिल्डेड केबल टाकून झाली. कंपायलरचं (सी कोडचं चिपच्या सूचनांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचं) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आटोपशीर करणं, बंद केलं की दुखणं पळायचं, पण मग कोड चिपच्या फ्लॅश मेमरीत मावेना.

सोर्समधला क्रम बिनचूक होता: आधी भागाकार करून पुढच्या कटचा आकडा काढायचा, मग इंटरप्ट (पल्स आली की चालू काम थांबवून ती मोजायला लावणारी सोय) बंद, आकडा ठेवायचा, इंटरप्ट चालू. लिस्टिंग, म्हणजे कंपायलरनं बनवलेल्या सूचनांची यादी, उघडली, तर भागाकाराचा कॉल इंटरप्ट बंद केल्याच्या खाली! उत्तर तिथंच लागतंय म्हणून कंपायलरनं गणित खाली सरकवलं. सी भाषेच्या नियमांत हे बसतं, त्यामुळे भांडायची सोय नाही. या एव्हीआरमध्ये भागाकाराचं हार्डवेअर नाही. 32 बिटांचा भागाकार क्लॉकच्या काहीशे सायकली खातो, म्हणजे 16 मेगाहर्ट्झला तीस-चाळीस मायक्रोसेकंद. तेवढ्यात दोन पल्स आल्या, तर इंटरप्टचा फ्लॅग एकच लक्षात ठेवतो. दुसरी गेली, मोजणी मागे पडली आणि कट उशिरा बसला.

‘व्होलटाइल लावा’ (किंमत दर वेळी मेमरीतूनच वाच-लिही, असं कंपायलरला सांगणारा शब्द) हा सगळ्यांचा रामबाण. तो लावलेलाच होता, मेमरी बॅरियरही होता. पण दोन्ही मेमरीतली ये-जा सांभाळतात. रजिस्टरात (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांत) चाललेल्या गणिताला ते अडवत नाहीत. आम्ही इंटरप्ट बंद करण्याआधी एक रिकामं व्होलटाइल असेंब्ली (चिपच्या थेट सूचनांचं) वाक्य घातलं आणि भागाकाराचं उत्तर त्याचं इनपुट केलं. झक मारत भागाकार वर आला.

तेव्हापासून कोटेशनमध्ये ‘लिस्टिंग तपासणी’ ही वेगळी ओळ असते. खरेदीवाले पहिली कात्री तिलाच लावतात. बाकी रेटवर घासाघीस चालते, तिच्यावर नाही. कंपायलरची आवृत्ती बदलली की पुन्हा तपासणी, पुन्हा बिल.

भागाकाराचं हार्डवेअर असलेल्या कॉर्टेक्स-एम3 चिपवर भागाकार 2 ते 12 सायकलींत उरकतो, म्हणून ती कटकट मिटली. तिथं क्रमाच्या अशाच घोळानं बफर (डेटा ठेवायची जागा) भरण्याआधीच डीएमए (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) सुरू झाल्याच्या तक्रारी येतात, आणि सध्या आमची दोन पोरं त्यातच गुंतली आहेत.