मोगरी, रुबार्ब आणि “मीठ कधी घातलंस?”

उत्तरायणाच्या, म्हणजे गुजरातेतल्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या सकाळी आईने माझ्या हातात दोन पिशव्या दिल्या आणि मला बडोद्याच्या खंडेराव मार्केटला पिटाळलं. पाठोपाठ स्वतःही आली, कारण माझ्या भाजीखरेदीवर तिचा विश्वास नाही. “उद्या गच्चीवर पंचवीस माणसं आहेत. उंधियो बाहेरून येतोय, जिलबी बाहेरून. सॅलड तू कर. तिकडे तेच तर खाता तुम्ही.”

तिकडे म्हणजे श्टुटगार्टला. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात जर्मनीचं नाव क्वचितच निघतं. ‘तिकडे’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. तिकडे आम्ही पानं चावून जगतो, अशी काकांची ठाम समजूत आहे. मी वजन वाढवून आले तरी ती बदलत नाही.

खरं सांगायचं तर सात वर्षांपूर्वी गेले तेव्हा सॅलड म्हणजे काय हे मला कळतच नव्हतं. जर्मन ‘झालाट’ या शब्दात पान असलंच पाहिजे असं काही नाही. बटाट्याचा झालाट, नूडल्सचा झालाट, आमच्या श्वाबेन भागात तर सॉसेजच्या पट्ट्यांना कांदा-व्हिनेगर लावून त्याचाही झालाट. ऑफिसच्या पहिल्याच उन्हाळी पार्टीला भिंतीवर कागद लावला होता, कोण काय आणणार ते लिहायला. नऊ जणांनी झालाट लिहिलं होतं. मी दहावी. ‘काकडीची कोशिंबीर’ असं रोमन लिपीत ठसठशीत लिहिलं आणि वर ‘भारतीय’ असंही, म्हणजे पुढे जे झालं त्यात देशाचंही नाव गेलं.

सकाळी सातला उठून काकडी चोचवली, दाण्याचं कूट, साखर, लिंबू, मिरची, मीठ, वर जिऱ्याची चुरचुरीत फोडणी. डबा बंद करून निघाले. जेवण दीडला. झाकण उघडलं तर कूट फुगून वर तरंगत होतं आणि काकडी खाली पाण्यात निजली होती. एका सहकाऱ्याने अतिशय सभ्यपणे विचारलं, हे गार सूप आहे का, आणि डाव घेऊन वाटीत ओतून प्यायला. छान आहे म्हणाला. मला तिथेच गडप व्हावंसं वाटलं.

रात्री आईला फोन केला. सगळी हकीकत ऐकून तिने एवढंच विचारलं, “मीठ कधी घातलंस?”

“सकाळीच.”

“मग?”

त्या ‘मग’मध्ये सगळं होतं. आपल्याकडे कोशिंबीर पानात डाव्या बाजूला पडते ती कालवल्यावर पाच मिनिटांत. मीठ पंगत बसल्यावर. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच, मीठ लागलं की ते बाहेर येणार. आपल्या आज्यांनी हे कधी समजावून सांगितलं नाही, कारण त्यांच्याकडे कोशिंबिरीला सहा तास वाट बघायची वेळच आली नाही. जर्मन पार्टीत मात्र सगळं टेबलावर मांडून ठेवतात आणि माणसं दुपारभर येता-जाता वाढून घेतात. तेव्हापासून कुठलंही आमंत्रण आलं की मी पहिल्यांदा विचारते, किती वेळ टेबलावर राहणार? माणसं किती, हे नंतर.

टिकणारं सॅलड मला शिकवलं आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या आजी. श्वाबेनचा बटाट्याचा झालाट. उत्तर जर्मनीत त्यात मेयोनेज घालतात, हे सांगताना त्यांचा चेहरा आपल्याकडे कुणी पुरणपोळीत पनीर घातलं तर होईल तसा झाला. बटाटा न फुटणारा, चिवट जातीचा घ्यायचा. सालासकट उकडून, हात भाजत असतानाच सोलायचा आणि पातळ चकत्या करायच्या. त्यावर कढत भाज्यांचं पाणी, व्हिनेगर, मोहरीची चटणी, बारीक कांदा. तेल सगळ्यात शेवटी. मी आधी तेल ओतायला गेले तर आजींनी माझं मनगट धरलं. तेल आधी घातलं की बटाट्याला त्याचा लेप बसतो आणि मग रस आत शिरत नाही. मग ढवळायचं आणि ऐकायचं. हो, ऐकायचं. चमचा फिरताना चपचप आवाज आला पाहिजे. चिखलात अनवाणी चालल्यासारखा. त्याला त्यांच्याकडे ‘श्लोत्सिग’ असा शब्द आहे. आमच्या ‘गिजगिजीत’मध्ये जरा नापसंती आहे, ‘श्लोत्सिग’मध्ये कौतुक.

हा झालाट तासाभराने जास्त चांगला लागतो. वाढदिवसाला चालतो, शेगडी पेटवून अंगणात जेवतात तेव्हा चालतो आणि चोवीस डिसेंबरच्या रात्री, त्यांच्या सगळ्यात मोठ्या सणाला, कितीतरी घरांत सॉसेजबरोबर हाच असतो. आपल्याकडे दिवाळीच्या रात्री कुणी पिठलं-भात केला तर? पण दिवसभर चर्च, झाड सजवणं, मुलं, भेटी; आधी करून ठेवता येईल असंच काहीतरी हवं. आईला कृती सांगितली. ती म्हणाली, “म्हणजे उपासाची बटाट्याची कोशिंबीर, दह्याऐवजी पाणी घालून.”

आईचा दुसरा ठरलेला प्रश्न, “बाजारात काय आलंय?” काय करणारेस, असं ती विचारत नाही. श्टुटगार्टच्या चौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी बाजार भरतो. तिथे गेल्यावर मला हा प्रश्न हळूहळू उमगला. सुपरमार्केटात टोमॅटो बारा महिने असतो. जानेवारीतला खाऊन बघा, ओल्या पुठ्ठ्याची चव. त्याच जानेवारीत चौकात ‘आकरझालाट’ येतो, चमच्याच्या आकाराच्या गर्द हिरव्या पानांचे बोटभर झुबके. बर्फ पडलं तरी शेतात तग धरतो. त्याला धुवायचा कंटाळा करू नका. मुळाशी इतकी वाळू असते की तीनदा पाणी बदलावं लागतं. त्यावर उकडलेला बटाटा कुस्करून कोमट रसात सैल केलेला, एवढंच. थंडीत कोमट सॅलड ही कल्पना मला फार आवडली. शरदात टोकदार गड्ड्याचा फिल्डर कोबी. विमानतळाला लागूनच त्याची शेतं आहेत, ऑक्टोबरमध्ये तिथे कोबीचा उत्सवही होतो. या कोबीला मीठ आधीच लावायचं, हाताने चुरायचं, तो नरम पडला की शहाजिऱ्यासारखं एक बी. आपली पचडीच. म्हणजे मीठ शेवटी हा नियम काकडीचा आहे, कोबीचा नाही. हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

वसंतात पांढऱ्या शतावरीचं वेड लागतं सगळ्यांना. मला त्यात विशेष काही वाटत नाही, म्हणून पुढे जाते. मला खरी सापडली ती रुबार्ब.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबेडाळ लागते. आमच्या बडोद्याच्या घरात गौर बसली की कैऱ्यांचा वास ओसरीपर्यंत येतो. श्टुटगार्टला आम्ही सातआठ मराठी बायका जमतो, त्यात दोघी नागपूरच्या, एक बेळगावची, एक इंदूरची. प्रत्येकीची डाळ वेगळी आणि प्रत्येकीचीच खरी. कैरी मात्र कुणाकडेच नाही. आशियाई दुकानातली आणली तर ती कडक, बिनवासाची आणि सोन्याच्या भावाची. एप्रिलमध्ये बाजारात जिकडेतिकडे रुबार्बच्या लालगुलाबी काड्या. जर्मन लोक त्याचा केक करतात, मुरंबा करतात. मी सहज एक तुकडा चावला आणि डोळे मिटले. कैरीच! वास नाही, पण आंबटपणा तोच, दातांना शिवशिवणारा.

तर भिजवलेली हरभऱ्याची डाळ भरड वाटायची. रुबार्बचे फक्त देठ घ्यायचे. पानं विषारी, ती थेट कचऱ्यात. देठाचे दोरे सोलून बारीक चिरायचे आणि उकळत्या पाण्यातून जेमतेम मिनिटभर काढायचे, कारण त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लाने घशाला खरखर येते. मग मीठ, चिमूट जास्त साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर, हिंग-मोहरी-हळदीची फोडणी आणि दोन सुक्या मिरच्या. इंदूरच्या वहिनींनी पहिला घास घेतला, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्यांदा वाढून घेतली. चोवीस जूननंतर मात्र रुबार्ब काढत नाहीत. तेव्हा ते आम्ल वाढलेलं असतं आणि झाडालाही विसावा हवा असतो. तोवर आपला चैत्र कधीच संपलेला असतो, तेव्हा गौरीची तक्रार नसते.

आता मोगरी. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते, मोगरी म्हणजे मुळ्याच्या शेंगा, डिंगऱ्या म्हणतात त्याच. थंडीत मार्केटात हिरव्या आणि जांभळ्या अशा दोन्ही ढिगांनी येतात. चिरल्यावर कच्च्या मुळ्याचा तिखट झणका नाकात जातो, पण चावताना कुरकुरीत. दह्यात कालवली की जांभळीचा रंग उतरून दही फिकट गुलाबी होतं. लहानपणी मला ती मुळीच आवडायची नाही. तिकडे गेल्यावर अर्थातच तिच्यावाचून जीव कासावीस झाला.

आमच्याकडे श्टुटगार्टला श्रेबरगार्टन आहे, म्हणजे गावाकडेला भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा. नियम कडक. जागा चारशे चौरस मीटरच्या आत, आणि त्यातल्या निदान एक तृतीयांश भागात फळं-भाजीपाला लावायलाच हवा. नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर बागवाल्यांच्या संघाचं पत्र येतं. मी एप्रिलमध्ये लाल मुळा पेरला. जूनमध्ये तिथे सोळा तास उजेड, मुळ्याला वाटलं मोठे झालो, आणि सगळे तरारून फुलावर आले. शेजारच्या बागेतले आजोबा हळहळत कुंपणापाशी आले. वेळेवर उपटले असते तर बरं झालं असतं, आता मूळ लाकूड झालं असणार, कंपोस्टात टाका. मी म्हटलं, थांबा. त्यांना वाटलं, मुलीला बागकाम येत नाही आणि कबूलही करवत नाही.

तीन आठवड्यांनी शेंगा धरल्या. बडोद्याच्या मोगरीएवढ्या लांब नाहीत, बोटाच्या दोन पेरांएवढ्या, पण झणका तोच. दही, मीठ, साखर, जिरेपूड कालवून आजोबांना वाटीभर दिली. ते उभ्या उभ्या खात राहिले. मग म्हणाले की म्युनिकच्या नावाची मुळ्याची एक जातच आहे, शेंगांसाठी लावायची, बियरबरोबर खायला. आपण कधी लावली नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या वाफ्यात चार मुळे मुद्दाम फुलायला सोडलेले दिसले. मीही मग त्यांना सांगितलं की त्यांच्याकडचा एक माळी, ड्रेस्डेनजवळचा गुस्टाव क्रुम्बीगेल, १८९३ साली आमच्या सयाजीरावांच्या बडोद्यात बागा सांभाळायला आला होता, आणि १९०८ मध्ये म्हैसूरकरांनी त्याला बेंगळुरूच्या लालबागेसाठी नेला. आजोबा म्हणाले, “मग आम्ही एक माळी दिला, तुम्ही शेंगा दिल्या.” हिशोब त्यांच्या दृष्टीने चुकता.

म्हणजे बडोद्यात मोगरी जानेवारीत, माझ्या बागेत जुलैमध्ये. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला ते काही पटलं नाही. “जुलैत कसली मोगरी!”

तर परवा मार्केटात मी थेट मोगरीच्या ढिगापाशी थांबले. “लई जाओ बेन, आजे सवारे ज उतारी छे,” भाजीवाली म्हणाली. पाऊण किलो घेतली, दोन्ही रंगांची. लाल देशी गाजरं, सोललेले ओले हरभरे, ओली हळद, लसणाची पात. काकडी घेतली नाही. आईने हे पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे पास झाले.

गच्चीवर सॅलड बारा ते तीन बसणार, वर ऊन, आणि मांज्याने बोटं कापलेली मंडळी हाताने घेणार. हे सगळं धरून केलं. मोगरी एकेका सेंटीमीटरची चिरली, गाजराचे लांब तुकडे, कारण किसलं तर पाणी सुटतं. सोलाणे कच्चेच. ओल्या हळदीच्या काडीसारख्या पट्ट्या, त्यामुळे बोटं अजून पिवळी आहेत. तेलात मोहरी-हिंग आणि शेवटी लसणाची पात टाकून फोडणी केली, ती गार करून वेगळ्या वाटीत. लिंबू-मीठ दुसऱ्या वाटीत. कूट तिसऱ्या. पातेल्यावर ओलं फडकं. वाढायच्या वेळीच कालवायचं, असं दोनदा बजावून मी खाली साडी बदलायला गेले.

वर आले तेव्हा पतंग कापल्याचा, ‘काय्पो छे’चा गदारोळ चालला होता आणि काका पातेल्यापाशी उभे होते, चेहऱ्यावर समाधान. “मीठ विसरली होतीस. मी घातलं मघाशीच, नीट कालवूनही ठेवलं.”

मोगरी अजून कुरकुरीत होती, तेवढं खरं. गाजरंही उभी होती. पण तळाशी बोटभर गुलाबी पाणी जमलं होतं. मी काही बोलायच्या आत आईने पातेलं तिरकं केलं, ते पाणी ताकाच्या भांड्यात ओतलं, डावाने एकदा ढवळलं आणि पहिला पेला काकांच्या हातात दिला.