सेव्ह नसलेला खेळ आणि स्टीव्हन्सचा पाय

आयजीआयमध्ये सेव्ह नव्हतं. ज्यांनी तो खेळ खेळलाय त्यांना एवढं वाक्य पुरे. बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो.

'प्रोजेक्ट आयजीआय' २००० साली आला. केला नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने, पण आमच्या सांगलीच्या सायबर कॅफेंत तो असा काही रुजला की प्रत्येक पीसीच्या डेस्कटॉपवर त्याचा आयकॉन असायचाच. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा गडी शत्रूच्या लष्करी तळांवर घुसतो. आधी टेकडीवरून दुर्बीण लावायची, उपग्रहाच्या नकाशात पहारेकरी कुठे फिरतायत ते बघायचं, कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटायचं, मग कुंपण. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहायची. आणि मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोय नाही. पाऊण तास रांगत, लपत, काम फत्ते करून परतीच्या वाटेला लागलात आणि मागच्या मनोऱ्यावरच्या एकाने गोळी घातली, की पुन्हा पहिल्यापासून. कॅफेवाला तासाला वीस रुपये घ्यायचा. म्हणजे तिथलं मरण थेट खिशातून जायचं. शेवटच्या दारापाशी माऊसवरचा हात घामेजायचा तो उगाच नाही.

युद्धाचे खेळ आणि युद्धाच्या थरारकादंबऱ्या या दोन्हींत माझी वीसेक वर्षं गेली आहेत. दोन्ही मी आजही तितक्याच लोभाने घेतो. पण यातलं चांगलं काय आणि फुसकं काय हे ठरवायला माझ्याकडे एकच कसोटी उरली आहे: इथे मरण केवढ्याला पडतं?

'कॉल ऑफ ड्यूटी' या युद्धाच्या खेळाचा दुसरा भाग २००५ साली आला आणि त्यात जखम आपोआप बरी व्हायला लागली. गोळ्या लागल्या की स्क्रीन लाल होते, तुम्ही भिंतीआड चार सेकंद बसता, धाप थांबते, पुन्हा ठणठणीत. ही युक्ती काढणारे एकटे तेच नव्हते, पण पुढे बहुतेकांनी हाच रस्ता धरला. खेळ वेगवान झाले, सुंदर झाले, बाराशे रुपयांच्या हेडफोनवर गोळी कुठल्या बाजूने आली ते कळायला लागलं. आणि भीती गेली. मेल्यावर फक्त दहा सेकंद मागे जाऊन पुन्हा उभं राहायचं असेल तर माणूस विचार कशाला करेल? धावतो नुसता. मुलं खेळ खेळून हिंसक होतात वगैरे जे म्हणतात, त्यात मला कधी फारसा दम वाटला नाही. माझी तक्रार उलटी आहे. या खेळांत हिंसा जाणवतच नाही.

माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. दिवाळीत तो आमच्याकडे असताना मी खेळत होतो आणि तो मागे खुर्ची टाकून बसला होता. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ह्यो गडी पाणी कवा पितो रं?"

मी म्हणालो, "मामा, खेळ आहे तो."

"आन् एवढी काडतुसं कोण वाहतंय ह्येची?"

बंदुकीच्या आवाजाला, रक्ताला त्याने नाव ठेवलं नाही. त्याचे सगळे प्रश्न वजनाचे आणि वेळेचे होते. जेवण कुठून येतं, झोप कधी, बूट ओले झाल्यावर काय करतात. पूंछकडच्या पोस्टिंगबद्दल त्याला विचारलं तर तो गोळीबारावर दोन वाक्यं बोलतो आणि वाट बघण्यावर तासभर. ॲम्बुश लावून रात्रभर पडून राहायचं, खोकला आला तर तोंडात टोपी कोंबायची, आणि पहाटे कुणीच न येता परत यायचं. हे खेळात दाखवणं अवघड आहे. बटण दाबायला काही नसेल तर दोन मिनिटांत माणूस मोबाइल बघायला लागेल.

कादंबरीला मात्र हे जमतं. 'द गन्स ऑफ नॅव्हरोन' घ्या. ॲलिस्टर मॅक्लीन स्वतः युद्धकाळात ब्रिटिश नौदलात होता आणि ही कादंबरी १९५७ची. नॅव्हरोन बेट काल्पनिक, पण ग्रीसच्या समुद्रातली लढाई खरी. तिथल्या जर्मन तोफा उडवायला पाच जणांची टोळी रात्री, वादळात, कडा चढते. त्यात अँडी स्टीव्हन्स हा सगळ्यात तरुण. तो पडतो, त्याचा पाय मोडतो. आता पुढे काय? सोडून द्यावं तर जर्मनांच्या हाती लागेल आणि बोलेल. न्यावं तर सगळ्यांची चाल मंदावते. मग ते त्याला नेतात. पानंच्या पानं नेतात. पाय सडायला लागतो. स्टीव्हन्सलाही कळतंय की आपण ओझं आहोत, आणि त्याला सगळ्यात जास्त भीती वाटते ती स्वतःच्या भित्रेपणाची. तोफा उडवण्याचा प्रसंग मला आता धूसर आठवतो, तो पाय मात्र लख्ख आठवतो.

माझा भाचा फोनवर बीजीएमआय हा चौघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा खेळ खेळतो. जेवणाच्या ताटावरून ओरडतो, "नॉक झालोय, रिव्हाइव्ह दे!" पलीकडचा मित्र येतो, बटण धरून काही सेकंद वाकतो, हा उठतो आणि पळायला लागतो. चौघांची यारी, एकमेकांना सांभाळणं, शिव्या, हसणं हे सगळं त्यात आहे आणि ते कादंबरीच्या बापाला जमणार नाही, हे मान्य. पण स्टीव्हन्सचा पाय तिथे बसत नाही.

आता कादंबऱ्यांचीही खोड सांगतो, नाहीतर भाचा म्हणेल मामाने पार्टी बदलली. (होय, तो मला मामा म्हणतो आणि मी माझ्या मामाला. घरात नुसती 'मामा' हाक मारली तर आम्ही दोघे ओ देतो.) पहिली खोड म्हणजे उजव्या हाताच्या अंगठ्याखाली उरलेली पानं. नायकावर बंदूक रोखलेली आहे आणि अजून दोनशे पानं शिल्लक आहेत, तर घाबरायचं कसलं? वाचनालयातून दिवसाच्या भाड्याने आणलेल्या गुरुनाथ नाईकांच्या पातळ रहस्यकथांत निदान हा पेच लवकर सुटायचा. फ्रेडरिक फोरसाइथने यावर तोड काढली ती मला अजून अचाट वाटते. 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ साली आली, आणि तिच्यात ज्याला मारायचा कट आहे तो फ्रान्सचा अध्यक्ष द गॉल आदल्या वर्षीच आपल्या घरी मरण पावला होता. मारेकरी फसणार हे पहिल्या पानापासून ठाऊक. तरी तो बनावट कागदपत्रं कशी मिळवतो, खास बंदूक कशी बनवून घेतो, जंगलात खरबूज टांगून नेम कसा जुळवतो, हे वाचताना आपण त्याच्याच बाजूने श्वास रोखून बसतो. हे पटत नसेल तर एकदा वाचून बघा.

दुसरी खोड टॉम क्लॅन्सीची, आणि त्याच्या मागून आलेल्या शंभर जणांची. शस्त्राचं मॉडेल, कॅलिबर, रडारचा पल्ला, सगळं असतं. माणसं मात्र एका साच्यातली, आणि नायक कधी चुकत नाही. गंमत अशी की 'रेनबो सिक्स' हे नाव क्लॅन्सीच्या कादंबरीचंही आहे आणि त्याच्या रेड स्टॉर्म कंपनीच्या खेळाचंही, आणि दोन्ही १९९८ सालचीच. ओलिसांना सोडवणारं आंतरराष्ट्रीय पथक, जगावर रोग सोडू पाहणारे पर्यावरणवेडे, कथा साधारण तीच. कादंबरी सातशे पानांच्या पुढे जाते आणि पथक जवळजवळ कधी हरत नाही. खेळात आधी नकाशावर आखणी करायची: कोणती तुकडी कुठल्या दारातून, कुणाच्या इशाऱ्यावर. मग आत शिरायचं. एक गोळी बऱ्याचदा पुरते. आणि मेलेला माणूस मोहिमेतून कायमचा जातो. पुढच्या मिशनला त्याच्या जागी दुसरा, कमी तयारीचा भरती करावा लागतो. माझा कुलपं उघडण्यात पटाईत असलेला एक गडी असा गेला तेव्हा मी कॉम्प्युटर बंद करून गच्चीवर जाऊन बसलो होतो. सातशे पानांत मला एकदाही गच्ची आठवली नाही. इथे खेळ जिंकला, चांगला दणदणीत.

खेळाला असं एक जमतं जे छापील पानाला जमणारच नाही: तुमच्याच हाताने करवून घेणं. 'कॉल ऑफ ड्यूटी'च्याच २००७च्या 'मॉडर्न वॉरफेअर' या भागात तुम्ही विमानात बसून खालच्या माणसांवर तोफा डागता. स्क्रीन काळीपांढरी, माणसं म्हणजे पांढरे ठिपके, कानात सहकाऱ्यांचा संथ, कामावरचा आवाज. धोका शून्य. तुम्ही खुशीत ठिपके पुसत जाता, आणि मधेच जाणवतं की हे फार सोपं चाललंय. त्याच खेळात अणुस्फोटानंतर पडलेल्या हेलिकॉप्टरमधून तुमचा सार्जंट जॅक्सन बाहेर सरपटतो. बटणं चालतात, पण जायला जागा नाही, मारायला कुणी नाही. थोडं फिरायचं आणि मरायचं. कादंबरीत हे वाचलं असतं तर 'बिचारा' म्हणालो असतो. इथे मी डावीकडे जाऊन बघितलं, उजवीकडे जाऊन बघितलं.

शेवटी एक गोष्ट, जी दोन्हीकडे सापडली नाही. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, वय २२, गाव पळसगाव, तालुका माणगाव. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला टॉमी गनने मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचून मारलं. मग छातीत आणि पाठीत शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच ते गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

मी खेळलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या खेळांत अमेरिकन आहेत, ब्रिटिश आहेत, रशियन आहेत. नाईक घाडगे कुठे भेटले नाहीत. आणि तिथे 'आर'चं बटण दाबलं की दीड सेकंदात मॅगझिन बदलतं.

हे मिशन खेळात आणायचं तर मध्ये सेव्ह नको, एकच मॅगझिन हवं, आणि सगळं बरोबर केलं तरी शेवट तोच ठेवावा लागेल. त्याआधी तासभर नुसतं चालणं आणि खंदक खणणं, मामाच्या आग्रहाखातर. असला खेळ कोण विकत घेणार? मी घेईन. सेलमध्ये हजाराच्या आत आला तर.