आय५-१३६००के विरुद्ध ७८००एक्स३डी : एन्कोडिंगचा तिढा सुटला आणि चाचणीचा आराखडाच बदलला

मागच्या नोंदीत इंटेल आणि एएमडी रायझेन या दोन प्रोसेसरांची तुलना करताना इंटेलचा एन्कोडिंगचा (व्हिडिओ फाइल दुसऱ्या, आटोपशीर रूपात बदलण्याच्या कामाचा) रकाना रिकामा ठेवला होता. फाइल तीच, सेटिंग तेच, पण वेळ दर खेपेला वेगळी. कधी रायझेनला आरामात मागे टाकणारी, तर कधी त्याच्या आसपासही न फिरकणारी. असा आकडा तक्त्यात घालायला मन धजत नव्हतं. आता कारण हाती लागलंय, उलटसुलट पडताळून झालंय, आणि त्यातून असं काही निघालंय की पुढच्या चाचण्यांची यादी मी बाजूला ठेवली आहे.

मांडणी तीच आहे. एकीकडे कोअर आय५-१३६००के : ६ पी-कोअर (मोठे, वेगवान), ८ ई-कोअर (छोटे, कमी वीज खाणारे), २० थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). दुसरीकडे रायझेन ७ ७८००एक्स३डी : ८ कोअर, १६ थ्रेड, ९६ एमबी एल३ कॅशे (प्रोसेसरमध्येच असलेली जलद मेमरी). ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कूलर, पॉवर सप्लाय एकच. रॅमही डीडीआर५-६००० सीएल३० ची तीच जोडी, आलटून पालटून लावलेली. विंडोज ११ दोन्हीकडे कोरी. इंटेलच्या बोर्डावर सप्टेंबर २०२४ नंतरच्या मायक्रोकोडचा बायोस आहे. १३व्या-१४व्या पिढीच्या के-चिपवर तो टाकल्याशिवाय कुठलीही चाचणी घेऊ नका, जादा व्होल्टेजने चिप खराब होण्याचं ते प्रकरण किरकोळ नव्हतं. रायझेनकडे एक्सपो (रॅमला तिचा वाढीव वेग देणारं सेटिंग, इंटेलकडे त्यालाच एक्सएमपी म्हणतात) लावल्यावर एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जात नाही ना, हे पाहूनच पुढे गेले.

आता मूळ दुखणं.

पहिला संशय तापमानावर गेला, आणि तो साहजिक होता. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमधली पकड चिपला मधोमध किंचित वाकवते, मग कूलरचा तळ सगळीकडे सारखा टेकत नाही. त्यात एका विक्रेत्याने १७०० ऐवजी जुन्या १२०० सॉकेटचे स्टँडऑफ (कूलर बोर्डावर बसवायचे खुंट) पाठवले होते. छिद्रांमधलं अंतर ७५ मिमी आणि ७८ मिमी, फरक अवघा ३ मिमीचा, पण कूलर नीट न बसण्यासाठी तेवढा फरक पुरेसा आहे. परत पाठवा, वाट पाहा, पुन्हा पेस्ट लावा. याच्या तुलनेत रायझेनचं एएम५ सॉकेट फार सुखाचं : बॅकप्लेट बोर्डावरच, आणि एएम४ चे बहुतेक कूलर तसेच बसतात. शेवटी योग्य स्टँडऑफ आले आणि सोबत काँटॅक्ट फ्रेमही (चिपला न वाकवता सारखं दाबून धरणारी चौकट) लावली. ती लावताना स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, पाव-पाव फेऱ्यांनी आवळायचे. एकदम एका कोपऱ्यात आवळलात तर रॅमचा एखादा चॅनलच दिसेनासा होतो. फ्रेमने तापमान खरंच उतरलं, वस्तू पैसा वसूल आहे. वेळेचा लहरीपणा मात्र जसाच्या तसा.

दुसरा संशय पॉवर लिमिटवर. बोर्डवाले 'ऑटो'च्या नावाखाली मनाला येईल ते करतात, म्हणून पीएल१ आणि पीएल२ (सलग आणि थोड्या वेळासाठी किती वीज घ्यायची त्या मर्यादा) दोन्ही १८१ वॅटवर हातानेच बांधले. काही फरक नाही. मग रॅम : एक्सएमपी काढून, मूळ वेगावर. सगळं सारख्या प्रमाणात थोडं मंदावलं, पण चढउतार तेवढाच. एसएसडी, अँटिव्हायरस, पार्श्वभूमीतले अपडेट, एकेक करून सगळे बाद झाले.

उलगडा झाला तो वेळांच्या नोंदी पुन्हा चाळताना. चांगल्या वेळा त्याच, ज्यांत मी हँडब्रेककडे (एन्कोड करणारा प्रोग्राम) बघत बसले होते. वाईट वेळा त्या, ज्यांत ते चालू करून मी दुसऱ्या कामाला लागले होते. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसरचे वीसही चौकोन उघडले, ते दुसऱ्या मॉनिटरवर ठेवले आणि एन्कोड सुरू केला. वीसच्या वीस चौकोन काठोकाठ भरले. मग हँडब्रेकची खिडकी मिनिमाइझ केली. क्षणभर काहीच नाही, आणि मग पहिले बारा चौकोन ओळीने खाली बसले. शेवटचे आठ मात्र शंभरावर तसेच ठोकलेले. हार्डवेअर मॉनिटरमध्ये पॅकेज पॉवर धाडकन खाली, पंख्याचा आवाजही मंदावला. खिडकी वर आणली की बाराही चौकोन पुन्हा भरतात. किती वेळा करून पाहिलं तरी तेच! पहिले बारा म्हणजे सहा पी-कोअरचे थ्रेड, शेवटचे आठ म्हणजे ई-कोअर. एन्कोडर नजरेआड गेला की त्याची रवानगी थेट ई-कोअरवर.

हा बिघाड नाही, ठरवून केलेली गोष्ट आहे. विंडोज प्रत्येक प्रोग्रामला सेवेचा एक दर्जा देते. समोर असलेल्या खिडकीला वरचा, दिसतेय पण फोकसमध्ये नाही तिला मधला, आणि जी दिसतही नाही, ऐकूही येत नाही तिला खालचा. 'ऐकू येत नाही' हा भाग लक्षात ठेवा. गाणी वाजवणारा प्लेअर मिनिमाइझ केला तरी त्याला खालच्या पायरीवर ढकलत नाहीत, ते यामुळेच. एन्कोडर बिचारा मुका, त्यातून हँडब्रेक मुळातच स्वतःला सामान्यपेक्षा कमी प्राधान्याने चालवतो. आणि १३६००के चे ई-कोअर फार तर ३.९ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, त्यांना हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) नाही, चार-चार जणांत मिळून ४ एमबी एल२ कॅशे. आठ जणांनी मिळून चांगलंच काम उपसतात ते, पण सहा पी-कोअरची भरपाई त्यांच्याने होणार नाही. रायझेनवर हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तिथे आठही कोअर एकसारखे. खाली ढकलायला खालची पायरीच नाही.

उपाय तीन. खिडकी एका कोपऱ्यात दिसत ठेवायची. किंवा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्यायचा. किंवा कमांड प्रॉम्प्टमधून पॉवरसीएफजी वापरून फक्त त्या एका प्रोग्रामपुरतं पॉवर थ्रॉटलिंग (वीज वाचवण्यासाठी प्रोग्रामला खाली ढकलणं) बंद करायचं. माझी पसंती तिसऱ्याला, आणि ती ठामपणे. 'हाय परफॉर्मन्स' लावला की मशीन रिकामं बसलेलं असतानाही क्लॉक चढे राहतात, आणि रिकामं बसण्यातच तर इंटेलची सरशी आहे. रायझेनमध्ये कोअरची चिप वेगळी, आयओची वेगळी. ती आयओ चिप, विशेषतः एक्सपो लावल्यावर, काही काम नसतानाही बऱ्यापैकी वॅट खात बसते. ब्राउझर, स्प्रेडशीट, पीडीएफ, व्हिडिओ कॉल अशा रोजच्या कामात वेग दोन्हीकडे सारखाच वाटतो. स्टॉपवॉच बाजूला ठेवलं तर मला कुठली चिप चालू आहे हे ओळखता येणार नाही. अशा दिवसभराच्या हलक्या कामात वीज इंटेल कमी घेतं. गेम सुरू झाला की पारडं पूर्ण फिरतं, तिथे रायझेन ५०-६० वॅटच्या आसपास निवांत असतो.

तर रिकामा रकाना आता भरला : एक्स२६५ (मी वापरलेला व्हिडिओ एन्कोडर) मध्ये इंटेल स्पष्टपणे पुढे. सिनेबेंच आर२३ च्या मल्टीकोअरमध्ये जो फरक सगळ्यांना माहीत आहे, साधारण २४ हजार विरुद्ध १८ हजार, त्याच दिशेचा, फक्त थोडा कमी. पण त्यासाठी इंटेल १८० वॅटच्या घरात जातो आणि रायझेन त्याच्या निम्म्यात काम भागवतो. वॅटमागे काम मोजलं तर रायझेनच पुढे.

रायझेनकडचा एक छोटा आनंद सांगायचाच आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं कमी करायचं सेटिंग) अखेर स्थिर झाला. मल्टिप्लायर बंद असला तरी एवढी मोकळीक या चिपवर आहे. एक कोअर सोडून बाकी सगळे उणे २५ वर, तो एक हट्टी उणे १५ वर. उणे आकडा चुकला तर जड लोडवर काहीच कळत नाही, मशीन कोसळतं ते हलक्या कामात, एखादाच कोअर पूर्ण बूस्टवर जातो तेव्हा. म्हणून कोअरसायकलर (एकेक कोअर तपासणारा प्रोग्राम) रात्रभर लावूनच खात्री करा, सिनेबेंच पार पडलं म्हणून विश्वास ठेवू नका. कॅशेचा ६४ एमबीचा थर कोअरच्या डोक्यावर बसवलेला असल्याने या चिपची तापमानाची मर्यादा ८९ अंश आहे. आता एन्कोडमध्येही ती त्या रेषेपासून भरपूर लांब असते. फार समाधान वाटलं.

आणि आता मुख्य गोष्ट. चौकोन खाली बसताना पाहिले तेव्हाच डोक्यात आलं : मागे एन्कोड चालू ठेवून गेम खेळला तर? इतके दिवस गेम वेगळा मोजला, काम वेगळं मोजलं. प्रत्यक्षात मी दोन्ही एकाच वेळी करते, तुमच्यातलेही बरेच जण करत असणार.

एकटा गेम असेल तर निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. फ्लाइट सिम्युलेटर, असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने, फॅक्टोरिओ, असे ज्यांचा डेटा मोठ्या एल३ मध्ये मावतो आणि सारखा लागतो, तिथे रायझेन सरळ पुढे. रॅमपर्यंतची फेरी कॅशेच्या कित्येक पट महाग पडते, ती वाचते. फॅक्टोरिओचा नकाशा अवाढव्य झाला की डेटा कॅशेतही मावेनासा होतो आणि आघाडी आटते. ४के वर ग्राफिक्स कार्डच दमतं, तिथे दोन्ही चिप एका रांगेत.

मागे एक्स२६५ लावल्यावर चित्र पालटलं. रायझेनवर सरासरी एफपीएस अजूनही छान, पण १ टक्का लो (सर्वांत मंद क्षणांचा एफपीएस) घसरला आणि फ्रेमटाइमच्या (प्रत्येक फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या) आलेखावर काटे उगवले. एन्कोडरचं प्राधान्य कमी करूनही काटे पूर्ण गेले नाहीत. कारण एका कोअरच्या दोन थ्रेडपैकी एकावर गेम आणि दुसऱ्यावर एन्कोडर आला, की प्राधान्य काहीही असो, आतली यंत्रणा दोघांना वाटूनच घ्यावी लागते. इंटेलवर मात्र गेम पूर्ण स्क्रीनवर, एन्कोडर आपोआप ई-कोअरवर, आणि आलेख जवळपास सपाट! ज्या वागण्याने माझा तक्ता अडवून धरला होता, तेच इथे नेमकं हवं ते करत होतं. थ्रॉटलिंग बंद करण्याचा वरचा उपाय लावून पुन्हा पाहिलं, तर एन्कोडर पी-कोअरवर घुसला आणि इथेही काटे आले. म्हणजे तो उपाय कायमचा लावून ठेवू नका. मी दोन बॅच फाइल केल्या आहेत, एक बंद करणारी, एक पूर्ववत करणारी.

रायझेनलाही तोडगा आहे, फक्त तो हाताने करावा लागतो. टास्क मॅनेजरमध्ये अ‍ॅफिनिटी (प्रोग्रामने कुठले प्रोसेसर वापरायचे ते) लावून एन्कोडरला १० ते १५ एवढेच लॉजिकल प्रोसेसर दिले, म्हणजे शेवटचे तीन पूर्ण कोअर. जोड्या फोडायच्या नाहीत, ७ ते १२ असलं काही दिलंत तर दोन कोअर पुन्हा अर्धे-अर्धे वाटले जातात. गेमला पाच कोअर आणि मोठी कॅशे उरली, काटे जवळजवळ नाहीसे झाले. कॅशेत एन्कोडर अजूनही वाटेकरी आहे, त्यामुळे एकट्या गेमइतका आलेख गुळगुळीत नाही, पण इंटेलच्या जोडीला नक्की येतो आणि सरासरीत वर राहतो. एन्कोड अर्थातच रेंगाळतो. तीन कोअरसमोर आठ ई-कोअर असतील तर ते काम इंटेलच आधी संपवणार.

त्यामुळे पुढच्या नोंदीत १४४०पी वर दहा-बारा गेमची रांग लावणार होते, ती रद्द. त्याऐवजी मोजकेच गेम, पण प्रत्येक तीन स्थितींत : एकटा, मागे एन्कोड, मागे मोठं कंपाइल. कंपाइलची मला जास्त उत्सुकता आहे, कारण तिथे शेकडो छोट्या प्रोसेस जन्मतात आणि मरतात. त्या खिडकीविना असतात, तेव्हा त्यांना कुठला दर्जा मिळतो ते आधी चौकोनांवर पाहायचंय.

हे लिहितानाच आणखी एक सुचतंय. रायझेनवर एसएमटीच (एका कोअरवर दोन थ्रेडची सोय) बंद केलं तर? आठ कोअर, आठ थ्रेड, जोड्यांची भानगडच नाही, एन्कोडरला शेवटचे तीन. बऱ्याच गेमना आठ थ्रेड पुरतात. त्या तीन स्थितींच्या चाचण्यांआधी हेच करून बघते. कुणाकडे ९८००एक्स३डी असेल तर त्यांनीही अ‍ॅफिनिटीची ही चाचणी लावून फ्रेमटाइमची फाइल पाठवा : त्यात कॅशेचा थर कोअरच्या खाली गेलाय, बूस्ट ५.२ गिगाहर्ट्झ आहे, आणि सॉकेट तेच. पाठवताना एन्कोडरला कुठले लॉजिकल प्रोसेसर दिले आणि खिडकी दिसत होती की मिनिमाइझ होती, हे दोन्ही जरूर लिहा.