दर दोन तासांनी कूस

तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये मी नऊ वर्षं निवडायला जात होते. काम हंगामी, उन्हाळा सरला की हात रिकामे. आमच्या गल्लीतली एक बाई मिरजेत पेशंट सांभाळायला जायची, तिनंच मला यात ओढलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला तेव्हापासूनचं. त्यामुळं शिकायला लांब जावं लागलं नाही. तीन महिन्यांचा कोर्स. बीपी घेणं, पेशंटला न उठवता चादर बदलणं, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच टांगणं, रबरी बाहुल्याला नाकातल्या नळीतून दूध देणं. बाहुला खोकत नाही, ही त्या कोर्सची मोठी खोट.

घरोघरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोनं पहिली ड्युटी दिली सांगलीत, गावभागात. रात्री आठ ते सकाळी आठ. पेशंट म्हणजे तात्या, रिटायर शिक्षक, वय ७८. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन, रेडिएशन सगळं करून झालं होतं, डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं. बोलता येत नव्हतं, म्हणून उशाशी पाटी-पेन्सिल. घरात काकू, दादा आणि वहिनी. "रात्री जरा भांडीबी घासाल का?" हे पहिल्याच दिवशी विचारून झालं. मी नाही म्हटलं. हे सुरुवातीलाच म्हणायचं असतं, नंतर जमत नाही.

पहिल्याच आठवड्यात चूक केली. तात्यांच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. मी आपलं खोबरेल कोमट करून चोळलं. गावाकडं कुणालाही हेच सुचलं असतं. दर बुधवारी मिरजेहून सिस्टर यायच्या. त्यांनी चट्ट्यावर बोट दाबून उचललं आणि मला म्हणाल्या, "बघा, पांढरं पडतंय का?" नव्हतं पडत. लालचं लालच. म्हणजे आतलं मांस दुखावलंय आणि तिथं चोळणं म्हणजे ते आणखी बिघडवणं. तेल बंद. दर दोन तासांनी कूस. डावी, उताणं, उजवी. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. "एअर बेड आणलाय की," दादा म्हणायचे. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं चुकत नाही, हे त्यांना तीनदा तरी सांगितलं असेल. चट्टा शेवटपर्यंत फुटला नाही.

वेळा मी वहीत मांडायचे. एका रात्री तात्यांनी वही मागून घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली आणि पाटीवर लिहिलं, "कूस. दीर्घ. फूल, मूल, कूस." मी पानभर "कुस" लिहून ठेवलं होतं. त्यांच्यासमोर बसून सगळे ऱ्हस्व दुरुस्त केले. पुढं रोज वही तपासली जायची. कधी कधी वाटायचं, गोळीपेक्षा त्याच कामावर त्यांची रात्र निघते.

गोळी मॉर्फिनची, दुखणं दाबणारी. ती परवाना असलेल्या ठिकाणीच मिळते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नाही. दादांना व्यसनाची धास्ती, म्हणून ते "दुखलं तर द्या" म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं, दुखण्याची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. दर चार तासांनी. शिवाय पोट साफ व्हायचं औषध रोज, कारण मॉर्फिननं पोट गच्च होतं. हे दुसरं औषध घरचे विसरतात आणि मग पेशंटचे हाल होतात.

अकराव्या आठवड्यात नळीतलं दूध जिरेना. दिलं की छातीत घरघर. सिस्टर म्हणाल्या, थांबवा आता. काकू माझ्यावरच उसळल्या, "उपाशी मारताय व्हय माणसाला?" मला उत्तर देता येईना. आमच्या दारातून चहाशिवाय कुणी गेलेलं नाही, आणि मी दुधाचा पेला हातात धरून उभी. सिस्टरांनी सांगितलेलं तसंच्या तसं काकूंपुढं म्हटलं, शरीरच आवरतं घेतंय, पोटात जिरत नाही ते वर येऊन फुप्फुसात उतरतं, मग गुदमरायला होतं. त्यांना पटलं नाही. तासाभरानं देवघरातून गंगाजलाचा गडू आणि तुळशीचं पान घेऊन आल्या. "हे तरी चालतंय का?" मी म्हटलं, "घशात नको काकू, ओठांना लावा." त्यांनी पान बुडवून तात्यांच्या ओठांवरून फिरवलं. कोर्समध्ये आम्हाला ओला कापूस सांगितला होता. काम तेच. मग दोन दिवस काकू तिथून हलल्या नाहीत आणि दुधाचं नावही काढलं नाही.

तळपाय गार, गुडघ्यांवर निळसर डाग, दोन श्वासांमध्ये लांबत जाणारी फट. पहाटे ४:१० नंतर पुढचा श्वास आला नाही.

घरी माणूस गेला की डॉक्टरांचा फॉर्म ४ अ, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला लागतो आणि २१ दिवसांत मृत्यूची नोंद करायची असते. कोणते डॉक्टर येऊन बघतील हे आधीच ठरवून ठेवावं. आमच्याकडं ठरलेलं नव्हतं, दादा तशा पहाटे तीन डॉक्टरांची दारं ठोठावून आले. तोवर मी सिस्टरांना फोनवर विचारून नळ्या काढल्या. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ओढायच्या आधी सिरिंजनं त्याच्या फुग्यातलं पाणी काढून घेतलं, गेलेल्या माणसाचाही तसाच काढायचा. काकूंबरोबर अंघोळ घातली. मला तिथून निघायला अकरा वाजले.

महिन्याचा हिशोब झाला तेव्हा ब्युरोनं त्या रात्रीचे अर्धेच पैसे लावले होते. विचारलं, तर म्हणाले, "पेशंट तर चारलाच गेला की."