अंकोरचा पास आणि उन्हाची दिशा

कंबोडियातील अंकोर हे एकच मंदिर नसून सुमारे 400 चौरस किलोमीटर परिसरात पसरलेल्या मंदिरांचे आणि जलाशयांचे क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे काय पाहावे यापेक्षा ते कोणत्या क्रमाने पाहावे हा प्रश्न मला अधिक अवघड वाटला. पासाचे नियम, मंदिरे उघडण्याच्या वेळा आणि ऊन कोणत्या बाजूने येते या तिन्हींचा मेळ घालूनच तो सुटला.

प्रवेशाची कागदपत्रे फारशी त्रासदायक नव्हती. भारतीय पर्यटकांना कंबोडियाचा ई-व्हिसा मिळतो, फक्त अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करावा. हुबेहूब तशी दिसणारी आणि जादा शुल्क आकारणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. विमानाने येणाऱ्यांना याशिवाय ई-अरायव्हल हा विनामूल्य अर्ज पोहोचण्यापूर्वीच्या 7 दिवसांत भरावा लागतो. व्हिसा हाती आला म्हणून तो टाळता येत नाही.

खरी आखणी पासापासून सुरू झाली. 1, 3 आणि 7 दिवसांच्या पासांची किंमत अनुक्रमे 37, 62 आणि 72 अमेरिकन डॉलर आहे. 3 दिवसांचा पास 10 दिवसांच्या मुदतीत कोणत्याही तीन दिवशी वापरता येतो, सलग जावे लागत नाही. मी तोच निवडला, कारण तिथल्या उकाड्यात रोज मंदिरांच्या पायऱ्या चढणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. पास ऑनलाइनही मिळतो, पण मी सिएम रीप शहर आणि मंदिरे यांच्या दरम्यान असलेल्या तिकीट केंद्रावर जाऊन घेतला. तिथे प्रत्येकाचे छायाचित्र काढून ते पासावर छापतात, म्हणून पास दुसऱ्याला देता येत नाही, आणि मोठ्या मंदिरांच्या प्रवेशद्वारांवर तो पुन्हा पुन्हा दाखवावा लागतो. प्रत्येक पासातले 2 डॉलर कांथा बोफा या मुलांच्या रुग्णालयांना जातात, हे कळल्यावर किंमत थोडी कमी बोचली. रोख देणाऱ्यांनी नोटा कोऱ्या ठेवाव्यात. किंचित फाटलेली डॉलरची नोट तिथे सहसा कोणी घेत नाही, आणि डॉलरच्या आतली मोड कंबोडियाच्या रिएलमध्ये परत मिळते.

संध्याकाळी पाच वाजल्यानंतर घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजला जातो, तरी त्याच संध्याकाळी सूर्यास्त पाहण्यासाठी आत सोडतात. या सवलतीमुळे बहुतेक लोक तडक फ्नोम बाखेंग टेकडीकडे निघतात. तिथल्या मंदिरावर एका वेळी 300 जणांनाच चढू देतात, त्यामुळे रांगेत सूर्य मावळण्याची शक्यता बरीच असते. मी त्याऐवजी प्रे रूप हे मंदिर गाठले. तेही संध्याकाळी सातपर्यंत उघडे असते, आणि वरून भोवतालची झाडी चांगली दिसते.

अंकोर वाटचा सूर्योदय हा या सहलीचा कळस मानला जातो. मंदिर पहाटे पाचला उघडते आणि तळ्याकाठी कॅमेऱ्यांची भिंत उभी राहते. माझे स्पष्ट मत असे की, पहाटे जावे, पण ते सूर्योदयासाठी नव्हे. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी त्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि पाच शिखरांची केवळ काळी आकृती दिसते. दर्शनी भागाचे कोरीवकाम पाहायचे तर दुपारनंतरचे ऊन हवे. सूर्य वर आल्यावर मात्र निम्मी गर्दी न्याहारीसाठी परतते, आणि शिल्पपटांच्या ओवऱ्या जवळजवळ मोकळ्या होतात. पहाटे उठण्याचे खरे फळ ते.

दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात विष्णूसाठी बांधलेल्या या मंदिराचे शिल्पपट अप्रदक्षिणेच्या क्रमाने, म्हणजे गाभारा डाव्या हाताला ठेवून पाहायचे असतात. हा क्रम अंत्यविधीशी जोडला जातो, आणि मंदिर राजाचे स्मारकही असावे या मताला त्याचा आधार दिला जातो. पश्चिमेकडून आत शिरून उजवीकडे वळताच कुरुक्षेत्र सुरू होते. गर्दीतून शरशय्येवरचे भीष्म शोधून काढायला मराठी माणसाला वाटाड्या लागत नाही. पुढे दक्षिणेकडे राजाची मिरवणूक, नंतर स्वर्ग आणि नरक, आणि पूर्वेच्या ओवरीत जवळजवळ 50 मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये विष्णू आणि खाली कूर्म. वासुकीच्या शेपटीकडच्या टोकाला असलेल्या वानराला बरेचजण हनुमान मानतात. आपल्या कथेत त्याचे तिथे काय काम, असा प्रश्न मला पडला आणि तिथेच माझा बराच वेळ गेला. हा पट पूर्वेकडे असल्याने सकाळच्या प्रकाशात तो उत्तम दिसतो.

सर्वांत वरचा मजला, ज्याला बाकान म्हणतात, तो बौद्ध उपोसथाच्या दिवशी बंद असतो, त्यामुळे पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी आधी पंचांगात पाहून घ्यावी. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर तिथे चढू देत नाहीत, आणि खांद्यावर नुसती ओढणी घेऊन भागत नाही. चढ अतिशय उभा आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हा मजला सोडला तरी फार काही हुकत नाही, कारण शिल्पपट खालीच आहेत.

ता प्रोह्म हे मंदिर सकाळी साडेसातला उघडते आणि वृक्षांच्या मुळांनी वेढलेल्या दारांपुढे लवकरच छायाचित्रांसाठी रांगा लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ते मी उघडताच पाहिले. तिथल्या जतनकार्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा सहभाग आहे. बायोन मंदिराच्या शिखरांवरील दगडी मुखांसाठी मात्र वेळेचा फारसा विचार करावा लागला नाही, कारण ती चारही दिशांना असल्याने कोणत्या ना कोणत्या मुखावर ऊन असतेच.

शेवटचा दिवस मी बांतेय स्रेईसाठी राखला. इसवी सन 967 मधले हे छोटे मंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह या दरबारी विद्वानाने उभारले. ते दूर असल्याने टुकटुकवाले वेगळे भाडे सांगतात आणि ते आदल्या दिवशीच ठरवलेले बरे. प्रवेश मात्र त्याच पासावर मिळतो.