चार जुलैची पीचट्री आणि तिसऱ्या मैलानंतरचा चढ

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा सोहळा म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रात्रीची आतषबाजी येते. अटलांटाकरांचा सण मात्र भल्या पहाटे, धावण्याचे बूट बांधून सुरू होतो. चार जुलैच्या सकाळी शहराच्या उत्तरेकडील बकहेड भागातून पीडमाँट पार्कपर्यंत जी दहा किलोमीटरची पीचट्री रोड रेस होते, तिच्यात पन्नास-साठ हजार माणसे धावतात, चालतात आणि त्याहून किती तरी अधिक माणसे पदपथांवर उभी राहून त्यांचे स्वागत करतात. मी या शर्यतीत भाग घेऊ लागलो तेव्हा माझेही लक्ष सतत घड्याळाकडे असे. आता माझे मत स्पष्ट आहे: आपली उत्तम वेळ नोंदवायला वर्षभरात थंड हवेच्या आणि मोकळ्या रस्त्याच्या पुष्कळ शर्यती असतात, पीचट्री ही त्या रस्त्यावरच्या माणसांसाठी धावावी.

या उत्सवाची सुरुवात अगदी लहान होती. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक टिम सिंगलटन यांनी 1970 साली, आपल्या शहरातही चार जुलैला शर्यत व्हावी या इच्छेने, ती पहिल्यांदा भरवली. त्या वर्षी धावणारे होते अवघे 110. पुरुषांमध्ये पहिले आले जेफ गॅलोवे, जे पुढे 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर धावले आणि त्यानंतर सामान्य माणसांना धावायला शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातले. ठरावीक वेळ धावायचे, मग दमण्याची वाट न पाहता थोडे चालायचे आणि पुन्हा धावायचे, ही त्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते. ऑलिम्पिकपर्यंत पोहोचलेल्या धावपटूने ‘चालण्यात कमीपणा नाही’ असे सांगणे किती मोठे आहे, हे पीचट्रीच्या मधल्या चढावर, आजूबाजूला आजीआजोबा, नवशिके आणि शाळकरी मुले एका लयीत धावत-चालत वर जाताना पाहिल्यावर मनोमन पटते.

सकाळ सुरू होते ती मार्टाच्या, म्हणजे अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक सेवेच्या, रेल्वेत. एरवी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या धावणाऱ्या गाड्या त्या दिवशी पहाटेपासून खच्चून भरलेल्या असतात. प्रत्येकाच्या छातीवर बिब, म्हणजे स्पर्धक क्रमांकाची पट्टी, कुणाच्या डोक्यावर तारे-पट्ट्यांची टोपी, कुणाच्या गालावर रंगवलेला झेंडा. लेनॉक्सला उतरले की गर्दीचा लोट आपोआप सुरुवातीच्या दिशेने नेतो. एवढ्या माणसांना एकदम सोडणे अशक्यच असते, त्यामुळे इंग्रजी अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या ‘वेव्ह’ पाडलेल्या असतात आणि एकेक वेव्ह काही मिनिटांच्या अंतराने सुटते. मागच्या वेव्हमधल्यांची पाळी येईपर्यंत ऊन चांगलेच वर आलेले असते. जुलैतली अटलांटाची हवा दमट आणि जड असते, घाम अंगावरच राहतो, म्हणूनच हवामानाचा धोका सांगणाऱ्या रंगांच्या सूचनांकडे येथे गांभीर्याने पाहावे लागते: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वेग कमी करा आणि काळा म्हणजे शर्यत थांबवली आहे. लाल रंग दिसत असताना पहिल्या उतारावर सुसाट सुटणारे तरुण पाहिले की मला खरोखर काळजी वाटते.

कारण हा रस्ता फसवा आहे. पहिले तीन मैल बहुतांशी उतरते आहेत. बकहेडमधल्या उंच इमारती, हॉटेलांच्या बाहेर वाजणारे बँड, घरासमोर पाण्याचे पाइप धरून उभी असलेली मुले या साऱ्यांत पाय आपोआप वेग घेतात. वाटेत सेंट फिलिप कॅथेड्रल लागते. तेथील धर्मगुरू पूर्ण पोशाखात रस्त्याच्या कडेला उभे राहून धावणाऱ्यांवर पवित्र पाणी शिंपडतात आणि ते अंगावर घेण्यासाठी कुठल्याही धर्माची माणसे आनंदाने त्या बाजूला सरकतात. मीही सरकतो. पुढे पीचट्री क्रीकपाशी उतार संपतो, आणि समोर उभा राहतो तो ‘कार्डियाक हिल’ म्हणून प्रसिद्ध असलेला सुमारे मैलभराचा चढ, ज्याच्या माथ्याजवळ पीडमाँट हॉस्पिटल आहे.

त्याच चढावर, हॉस्पिटलच्या अलीकडे, शेफर्ड सेंटर आहे. मज्जारज्जूला किंवा मेंदूला गंभीर इजा झालेल्या रुग्णांचे पुनर्वसन करणारी ही संस्था 1975 साली स्थापन झाली. शर्यतीच्या सकाळी तिथले रुग्ण आपापल्या व्हीलचेअरमध्ये बसून बाहेर रस्त्यालगत रांगेने येतात. काही महिन्यांपूर्वीपर्यंत यांतली कितीतरी माणसे आपल्यासारखीच चालत-पळत होती, हे जाणवल्याशिवाय राहत नाही. यंदा रांगेत मानेला कडक पट्टा लावलेला एक विशीतला मुलगा होता. त्याचे हात मांडीवर निश्चल होते. त्याच्या आईने खुर्चीच्या हाताला एक घंटा बांधली होती आणि ती वाजवत होती. मुलगा मात्र जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बघून, आवाज फारसा निघत नसतानाही, ओठांनी स्पष्टपणे “चला, थोडंच राहिलं” अशा अर्थाचे इंग्रजी शब्द उच्चारत होता. मी थांबून त्याच्या खांद्याला हात लावला, आईला नमस्कार केला आणि पुढे निघालो. ज्यांना हात उचलता येतो ते टाळी देण्यासाठी तळवे पुढे करून बसलेले असतात. त्या रांगेजवळून जाताना रस्त्याच्या मधून पळत वेळ वाचवणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण माझ्या ओळखीतल्या प्रत्येक नवीन धावपटूला आवर्जून सांगतो की इथे कडेने जा आणि प्रत्येक तळव्याला हात लावून जा.

याच शेफर्ड सेंटरमुळे शर्यतीतल्या व्हीलचेअर विभागाला अनेक दशकांचे पाठबळ मिळाले आहे. सकाळी सर्वांत आधी सुटतात ते हे स्पर्धक. 2019 साली डॅनियल रोमनचुक यांनी हे दहा किलोमीटर 18 मिनिटे 11 सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी सुमारे 33 किलोमीटरच्या सरासरीने. उतारावर तीन चाकांच्या त्या खुर्च्यांना आवरणे आणि लगेच पुढचा चढ केवळ दंडांच्या बळावर चढणे यांसाठी काय ताकद आणि किती धैर्य लागत असेल, याची कल्पना तो रस्ता स्वतःच्या पायांनी चढल्यावरच येते. लवकर पोहोचणे जमले तर त्यांची सुरुवात चुकवू नये.

चढानंतर मिडटाउन येते, तिथेही रस्ता पुन्हा थोडा वर जातो आणि दमलेल्यांची परीक्षा पाहतो. मग डावीकडे वळून टेन्थ स्ट्रीटवर आले की शेवटचा भाग उताराचा. पूर्वी शर्यत शहराच्या मध्यभागी संपत असे. 1978 पासून ती पीडमाँट पार्कपाशी संपते आणि झाडांची सावली असलेले ते विस्तीर्ण हिरवळीचे मैदान या गर्दीला अगदी योग्य आहे. तिथे मिळतो तो टी-शर्ट. त्यावरचे चित्र लोकांच्या मतदानातून निवडलेले असते, पण कोणते निवडले गेले हे शर्यतीच्या सकाळपर्यंत गुपित राहते. दिवसभर शहरात, वाणसामानाच्या दुकानात, मित्रांकडच्या बार्बेक्यूला, संध्याकाळी आतषबाजी पाहायला, सगळीकडे तोच टी-शर्ट घातलेली माणसे भेटतात आणि अनोळखी माणसांत सहज बोलणे सुरू होते.

मुंबई मॅरेथॉन धावलेल्यांना पेडर रोडच्या चढावरचे रहिवासी आठवतील, जे पाणी आणि बिस्किटे घेऊन सकाळभर उभे असतात. त्यांच्यामुळेच तो चढ सरतो, असे धावणारे सांगतात. अटलांटात आलेल्या मराठी कुटुंबांनी म्हणून पीचट्रीला बिचकू नये. आमच्या ओळखीतल्या, मुलाकडे राहायला आलेल्या साताऱ्याच्या काकांनी विचारले होते, “एवढ्या उन्हात मला झेपेल का रे?” मी म्हटले, “काका, तुम्ही यवतेश्वरचा घाट चालणारे. फक्त पहिल्या उतारावर जपून या.” ते पूर्ण अंतर चालले आणि शेफर्ड सेंटरपाशी माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबले.

पुढच्या वर्षी येऊ इच्छिणाऱ्यांनी नोंदणीसाठी वसंतातच, ही शर्यत भरवणाऱ्या अटलांटा ट्रॅक क्लबच्या घोषणेवर लक्ष ठेवावे. मे-जूनमध्ये आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम उन्हात सराव करावा, आदल्या दिवशी भरपूर पाणी प्यावे आणि गाडी घरी ठेवून मार्टानेच यावे. मी मागच्याच एखाद्या वेव्हमध्ये असेन. चढ आपण सगळे मिळून, धावत-चालत चढू.