सेफ्टी व्हॉल्व उडतो तेव्हा: एका नोझलचा हिशेब

साखर कारखान्याच्या को-जन (वाफेबरोबर वीजही काढणाऱ्या) बॉयलरचं पाइपिंग माझ्याकडे आलं तेव्हा थर्मल ॲनालिसिस, म्हणजे पाइप तापून वाढतात त्याचा हिशेब, आधीच पास होतं. राहिला होता सुपरहीटर हेडरवरचा (जास्त तापवलेली वाफ जमा होते त्या जाड पाइपवरचा) सेफ्टी व्हॉल्व, दाब वाढला की उघडून वाफ बाहेर सोडणारा. ४५ बार, ४४० अंश, ताशी ३६ टन वाफ, सहा इंची आउटलेट.

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी हे गणित कागदावर करतो. वाफेच्या वेगाचा झटका आणि बाहेरच्या तोंडाशी उरलेला दाब, दोन्ही मिळून एपीआय ५२० (सेफ्टी व्हॉल्वसाठीचं अमेरिकन स्टँडर्ड) च्या सूत्राने साधारण ९ किलोन्यूटन. म्हणजे व्हॉल्व उडाला की आउटलेटच्या एल्बोवर (वळणावर) ९०० किलो वजन अचानक टाकल्यासारखं. 'अचानक' म्हणून त्याला डायनॅमिक लोड फॅक्टर (झटक्याने पडलेला लोड किती पट धरायचा तो आकडा), जास्तीत जास्त २. झाले १८. हेडरचं नोझल म्हणजे व्हॉल्व ज्यावर बसतो ती आखूड नळी; आउटलेट तिच्यापासून अर्धा मीटर बाजूला, म्हणजे ९ किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर). तेवढ्यावर नोझलचा स्ट्रेस मर्यादेबाहेर गेला.

मग २ हा आकडा खरंच लागतो का, हे पाहायचं ठरवलं. व्हेंडरने व्हॉल्व उघडायचा वेळ ४० मिलिसेकंद दिला (तोही तीन वेळा मेल केल्यावर). मोडल रनमध्ये (पाइप आपणहून किती वेगाने थरथरतो ते काढणारं गणित) पहिली फ्रीक्वेन्सी १५ हर्ट्झ, म्हणजे एका हेलकाव्याचा पीरियड ६७ मिलिसेकंद. उघडायचा वेळ पीरियडपेक्षा कमी, त्यामुळे फॅक्टर फारसा उतरेना. पाइप ताठ केला तरच उतरणार होता.

साइटवरून लगेच सल्ला आला: शेजारच्या कॉलमला ब्रेस (आधाराचा दांडा) मारा. तिथेच खरी गोम आहे. टांगलेला बॉयलर तापला की खाली वाढतो, हेडर त्याच्याबरोबर सरकतो आणि कॉलम जागचा हलत नाही. झटक्यासाठी लावलेला ब्रेस रोज सुरू-बंद होताना नोझलच उपटायला बसेल. म्हणून ब्रेसचा आधार कॉलमऐवजी हेडरवरच घेतला, दोघं एकत्र सरकतील असा. फ्रीक्वेन्सी २२ च्या आसपास गेली, फॅक्टर दीडच्या खाली आला. नोझलला रीइन्फोर्समेंट पॅड (जोडाभोवती जादा जाडीची प्लेट) दिल्यावर स्ट्रेस मर्यादेत बसला.

व्हेंट स्टॅक (वाफ वर हवेत सोडणारा उभा पाइप) मात्र मुद्दाम वेगळा ठेवला, स्ट्रक्चरला अडकवून. व्हॉल्वच्या एल्बोशी त्याचा सांधा नाही; मध्ये ड्रिप पॅन (निथळणारं पाणी धरणारं पात्र) आणि हेडर सरकायला पुरेल एवढी मोकळी जागा. ती ड्रॉइंगवर ठळक लिहिली, नाहीतर फिटर ती फट भरून टाकतात.